आजीच्या हातची शेवटची मादलेन

माझं नाव मादलेन. नाव परदेशी आहे म्हणून बिचकू नका, माझ्या पोटात साजूक तूप आहे आणि जायफळ आहे. मी एक छोटासा केक, तळहातावर मावेन एवढीच. एका अंगाला शिंपल्यासारख्या रेघा, दुसऱ्या अंगाला फुगलेलं टेंगूळ. माझ्या जातीचे केक फ्रान्स देशात चहाबरोबर खातात म्हणे. माझा जन्म मात्र अमेरिकेतल्या मॉरिसव्हिल गावात झाला, एका भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये. आणि मला घडवणारी बाई होती फलटणची. नेसायला पातळ, त्यावर मुलीचा स्वेटर आणि पायात जावयाचे पांढरे बूट, असा तिचा अवतार असायचा.

आम्हा केकांना आयुष्य ते केवढं? सकाळी झालो की संध्याकाळी संपलो. माझंही तसंच व्हायचं होतं. पण मी मागे राहिले. मागे राहिलेल्याला सगळं बघावं लागतं. ते मी तुम्हाला सांगते.

ज्या घरात मी झाले ते घर रत्नाचं. तिचा नवरा मनोहर कॉम्प्युटरच्या कंपनीत, कामाच्या व्हिसावर आलेला. त्यांची मुलगी अबोली, तेव्हा जेमतेम बोलायला लागलेली. रत्नाचा स्वभाव भारी काळजीचा. कुलूप लागलं की नाही हे बघायला अर्ध्या रस्त्यातून गाडी परत फिरवायला लावायची. पोर झोपली की नाकाशी बोट धरून श्वास चाललाय ना ते बघायची. त्यात अबोली काही खायची नाही. वरणभाताचा घास गालात धरून बसायची ती बसायचीच. डॉक्टरीणबाई एकदा म्हणाल्या, "वजन जरा कमी आहे." त्या दिवसापासून रत्नाच्याही घशाखाली घास उतरेना. शेवटी तिनं फलटणला फोन लावला.

"आई, तू ये. तुझ्या हातून खाते का बघूया."

२००२ सालच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी आजी आली. बॅगेत मेतकूट, भाजणी, नाचणीचं सत्त्व, सगळं आणलं होतं. अबोलीनं सगळ्याला मान हलवली. "नो."

"ही नो म्हणायला कुठं शिकली गं?" आजी विचारायची.

"डे केअरमध्ये," रत्ना म्हणायची.

"मग तिथं यस पण शिकवा म्हणावं."

खालच्या मजल्यावर सिमोन नावाची एक म्हातारी राहायची. मूळची फ्रान्सची. दुसरं महायुद्ध संपल्यावर एका अमेरिकन शिपायाशी लग्न करून इकडे आलेली. नवरा जाऊन वर्षं झाली होती, मुलं लांब. टपालाच्या पेट्यांपाशी एक बाक होता, तिथे ती उन्हाला बसायची. आजीही तिथेच अबोलीला घेऊन बसायची. हिला तिची भाषा येत नव्हती, तिला हिची येत नव्हती. पण दोघींचे गुडघे दुखायचे, तेवढ्यावर मैत्री जमली. आजी तिला सुमनताई म्हणायची आणि तीही ओ द्यायची.

एक दिवस त्या सुमनताईंनी रुमालातून माझ्यासारखा एक केक काढून अबोलीच्या हातात ठेवला. अबोलीनं तो खाल्ला. आणि हात पुढे केला. "मोअर."

आजी पोरीला कडेवर घेऊन धापा टाकत वर आली. "रत्ने! खाल्लं गं हिनं! अख्खं खाल्लं! आणि वर मागितलं!"

रत्ना आधी आनंदली, मग तिच्या डोक्यात काळजी शिरली. "आई, पण त्यात अंडं असतं."

आजीनं पोरीला खाली ठेवलं. तिनं उभ्या जन्मात अंड्याला बोट लावलं नव्हतं. अंडं असलेली पिशवी सुद्धा ती स्वयंपाकघरात ठेवू द्यायची नाही, बाहेर गॅलरीत ठेवायला लावायची.

"तुम्ही देता का हिला?"

"मनोहर देतात कधी कधी. तेही खात नाही."

"आणि हे खाल्लं."

"हो."

"मग ते पोरीच्या पोटात जातंय, माझ्या नाही," आजी पदर खोचत म्हणाली. "सुमनताईला वर बोलव. आणि मला दाखव, फोडतात कसं ते."

आता गंमत ऐका. रत्नाच्या ओव्हनमध्ये कढया, तवे, कुकरची भांडी भरलेली होती. इकडच्या आपल्या घरांतून ओव्हन म्हणजे भांड्यांचं कपाटच. सिमोन साचा घेऊन वर आली, ओव्हनचं दार उघडलं आणि बघतच राहिली. आजीही बघत राहिली. "अगं बाई, हे कपाट तापतं होय?"

सगळी भांडी जमिनीवर आली आणि ओव्हनचा संसार सुरू झाला. आजीनं अंडं फोडलं ते मान दुसरीकडे वळवून. निम्मं ओट्यावर गेलं. दुसरं मात्र नीट पडलं. सिमोननं लोणी घातलं तर आजीनं हात धरला. "कच्चं नको." लोणी कढवून तिनं त्याचं तूप केलं. सिमोन लिंबाची साल किसायला लागली तर आजीनं जायफळ पुढे केलं. सिमोनच्या भुवया वर गेल्या, पण तिनं किसणी खाली ठेवली. शेवटी घाण्यातला पहिला केक तिनं तोंडात घातला आणि तिचे डोळे भरून आले.

रत्ना घाबरली. तिनं इंग्लिशमध्ये विचारलं, चांगला नाही झाला का?

सिमोन म्हणाली, "माझ्या आईच्या हातचा नाही हा. पण कुणाच्या तरी आईच्या हातचा आहे."

रत्नानं ते आजीला मराठीत सांगितलं. आजी म्हणाली, "तिला माहेर आठवलं. रडू दे तिला. पाणी दे."

तेव्हापासून दर आठवड्याला घाणा व्हायचा. अबोलीचे गाल भरले. आजीनं मात्र आम्हाला कधी चाखलं नाही. नैवेद्याचा स्वयंपाक कुठे चाखून करतात? जन्मभर तिनं मीठ-साखर वासावर ओळखली होती. ओव्हनच्या दाराशी ती डोळे मिटून उभी राहायची, आणि वास आला की म्हणायची, "हं, काढा." एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही. मनोहर घड्याळ लावून ठेवायचा. घड्याळ वाजायच्या आत आम्ही बाहेर असायचो.

गणपती झाले आणि आजीची परत जायची वेळ आली. आई परत जाताना आपल्या घरांतून काय होतं ते तुम्हाला माहीत असेल. आई पोळ्या लाटत सुटते आणि मुलगी फ्रीजर रिकामा करत सुटते. आजीनं पुरणपोळ्या केल्या, सांबाराचे मसाले केले, आणि शेवटच्या दिवशी आमचा मोठा घाणा काढला. त्या घाण्यातली मी. आम्हाला कागदात गुंडाळून, डब्यात घालून, फ्रीजरच्या मागच्या कोपऱ्यात ठेवलं.

"हिला रोज एक दे," आजी म्हणाली. "संपल्या की फोन कर. मी तिकडून सांगते, तू इकडे कर."

"मला नाही जमणार तुझ्यासारखं."

"माझ्यासारखं कशाला? तुझ्यासारखं कर."

विमानतळाची गोष्ट रत्ना नंतर कितीदा तरी मनोहरला सांगायची, म्हणून मला कळली. आजीला चांगलं चालता यायचं. पण इंग्लिश येत नाही म्हणून तिकिटावर व्हीलचेअर लिहिली होती. म्हणजे विमान कंपनीचा माणूस ढकलत बरोबर विमानापर्यंत नेतो, चुकायची भीती नाही. आपल्याकडचे सगळेच आईवडिलांसाठी असं करतात. आजीला त्या खुर्चीत बसायची लाज वाटत होती. "धडधाकट बाई मी, लोक काय म्हणतील?" रत्नानं हट्टानं बसवली. आणि तो माणूस भराभरा ढकलत घेऊन गेला. आजीला मागे वळून बघताच आलं नाही. रत्नाला दिसली ती खुर्चीची पाठ आणि वर आलेला अंबाडा.

दिवाळी झाल्यावर रत्नाच्या भावाचा, गिरीशचा फोन आला. आजी गेली होती. पहाटे छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

मी आतून ऐकत होते. फ्रीजरचं दार बंद असलं तरी ऐकू येतं.

"मी येते," रत्ना म्हणत होती. "थांबा, मी येते."

"ताई, येऊन काय करणार? तू पोचेपर्यंत..." गिरीशचं पुढचं बोलणं रत्नानं ऐकलंच नाही.

मनोहरनं नुकतीच कंपनी बदलली होती. कागद सरकारी ऑफिसात अडकले होते. रत्ना आता देशाबाहेर गेली असती तर परत यायचा व्हिसाचा शिक्का कधी मिळेल ते कुणी सांगू शकत नव्हतं. त्या काळात महिनोन्महिने लागत होते. अबोलीला इथे ठेवून जावं तर ती कुणाजवळ राहणार? तिला घेऊन जावं आणि दोघी तिकडेच अडकल्या तर? रत्ना सारा दिवस हाच हिशेब उलटसुलट करत राहिली आणि संध्याकाळी तिनं बॅग परत माळ्यावर टाकली.

ती रडली नाही. फ्रीजर उघडून उभी राहिली. डब्यात मी एकटीच उरले होते. बाकीच्या सगळ्या अबोलीनं संपवल्या होत्या. माझ्याच दिवशी फोन आला, म्हणून मी राहिले.

दुसऱ्या दिवशी अबोलीनं खुर्चीवर चढून डबा मागितला. "आय वॉन्ट शेल केक."

"संपला," रत्ना म्हणाली.

हे ती पोरीशी पहिल्यांदा खोटं बोलली. मनोहर बघत होता. अबोली खेळायला गेल्यावर तो हळूच म्हणाला, "अगं, एक आहे ना."

"तो नाही द्यायचा. तो ठेवायचाय."

"कशासाठी?"

"ती मोठी होईल ना, तेव्हा देईन. तिला कळलं पाहिजे तिच्या आजीच्या हाताला काय चव होती. आत्ता खाईल आणि विसरून जाईल."

"रत्ना, फ्रीजरमधला केक असा किती टिकतो?"

"टिकेल. तुम्ही फक्त हात लावू नका."

मग माझा पहारा सुरू झाला. मला आधी कागद, मग पिशवी, मग स्टीलचा छोटा डबा. रत्ना दिवसातून कितीदा तरी फ्रीजर उघडून बघायची. मी आहे ना? बर्फ धरलाय का? दार नीट लागलं का? मटारच्या पिशव्या आल्या आणि गेल्या, खोबरं आलं आणि गेलं, माझ्यासमोर आईस्क्रीमचे कितीतरी डबे रिकामे झाले. मी तिथेच. हळूहळू माझ्या अंगावर बर्फाची भुरी चढली. आजीचा वास माझ्यातून कमी व्हायला लागला, फ्रीजरचा वास शिरायला लागला. मला ते कळत होतं. रत्नाला सांगणार कोण?

तिला दुसरीच एक भीती छळत होती. आईचा चेहरा तिला आठवेना. आठवायला बसलं की ती खुर्चीची पाठ तेवढी दिसायची. आणि अबोलीला आजी आठवते का, हे तर तिला विचारायचंही धाडस होईना. गिरीशनं आजीचा मोठा फोटो पाठवला, हार घातलेला. रत्नानं तो टीव्हीशेजारी ठेवला. अबोलीनं बोट दाखवून विचारलं, "ही कोण काकू?"

रत्ना भिंतीला टेकून खाली बसली.

"आजी आहे गं ती. आपली आजी. तुला भरवायची."

"ओके," अबोली म्हणाली आणि कार्टून बघायला लागली.

मनोहरनं समजूत घातली. "तीन वर्षांची पण नाही अजून. तिला कसं आठवेल?"

"म्हणूनच म्हणते ना," रत्ना म्हणाली. तिनं फ्रीजर उघडला आणि माझा डबा चाचपून बंद केला.

डिसेंबर लागला आणि एका सकाळी माझ्याभोवतीची घरघर थांबली. रात्रभर बाहेर पाऊस पडत होता आणि पडताच गोठत होता. झाडांच्या फांद्यांना बर्फाचं कवच चढलं होतं. वजनानं फांद्या फटाफट मोडत होत्या, बंदुकीचे बार व्हावेत तसा आवाज. विजेच्या तारा तुटल्या आणि सगळं गाव बंद पडलं. घरातला हीटर विजेचा, शेगडी विजेची. चहासुद्धा होईना.

पहिला दिवस आम्ही आत धीर धरला. दुसऱ्या दिवशी दारातून पाणी ठिबकायला लागलं. रत्नानं दार उघडलं. मटार मऊ, पोळ्या ओल्या. तिनं बाकी कशालाच हात लावला नाही, माझा डबा उचलला आणि गॅलरीत बर्फावर नेऊन ठेवला. तिथे बर्फच बर्फ, मग काळजी कसली? पण कठड्यावर एक खार येऊन बसली. रत्नानं डबा परत उचलला.

तेवढ्यात मनोहरचा मोबाइल वाजला. पलीकडून मीनाक्षीकाकू बोलत होत्या. मीनाक्षीकाकू आणि उल्हासकाका या गावातले जुने. त्यांच्या घरी गॅसची शेगडी आणि गॅसचीच शेकोटी. "अरे, थंडीत मरताय कशाला? पोरीला घेऊन या इकडे. आणि फ्रीजरमधलं सगळं घेऊन या, नाहीतर कचऱ्यातच जायचं. आज आपण सगळ्यांच्या आयांच्या हातचं जेवू!"

काकूंच्या घरी जत्रा भरली होती. ज्याच्या त्याच्या फ्रीजरमधून एक एक आई बाहेर निघत होती. कुणाच्या पुरणपोळ्या, कुणाचे उकडीचे मोदक, कुणाची चिंच-गुळाची चटणी. लतिका नावाची, हर्नडन नावाच्या दुसऱ्या गावाहून इकडे राहायला आलेली मुलगी सांजोऱ्यांचा डबा घेऊन आली होती. "सासूबाईंच्या आहेत. साखर जास्त आहे, पण त्यांना कुणी सांगू नका."

"त्या कुठे आहेत?"

"सोलापूरला. पण त्यांना तिथून पण ऐकू जातं."

सगळे हसले. रत्ना हसली नाही. ती कोट काढायला तयार नव्हती, कारण कोटाच्या खिशात मी होते. घरात ऊब, शेकोटी पेटलेली. मग दर थोड्या वेळानं ती मागच्या अंगणात जाऊन थंडीत उभी राहायची, मी गोठून राहावं म्हणून. एक हात खिशात घालून डबा घट्ट धरायची. आणि त्या हाताच्या ऊबेनंच मी विरघळत होते. शेकोटीनं नाही.

शेवटी मीनाक्षीकाकू शाल घेऊन बाहेर आल्या. "काय गं, कुडकुडत काय उभी इथे? पोरगी आत तुला शोधतेय."

"काही नाही काकू. जरा हवा."

"ही हवा? दाखव काय आहे खिशात."

रत्नानं डबा काढला. सगळं सांगितलं. काकूंनी झाकण उघडून माझ्याकडे बघितलं. माझं अंग ओलं झालं होतं, एका कडेचा चुरा सुटला होता.

"माझी आई गेली तेव्हा माझ्याकडे तिच्या लोणच्याची बरणी होती," काकू म्हणाल्या. "तळाशी चार फोडी. मी ठेवून दिल्या. कुणाला हात लावू दिला नाही. उल्हासला सुद्धा नाही. मग एकदा उघडली तर ही एवढी बुरशी. रत्ना, आईच्या हातचं मी स्वतःच्या हातानं कचऱ्यात ओतलं. ती बरणी घासताना मला कसं झालं, ते तुला नाही सांगत. तू तेवढं करू नकोस."

"पण मग तिच्याकडे काय राहील, काकू? अबोलीकडे? हा संपला की संपलंच की."

"ते मला माहीत नाही," काकू म्हणाल्या. "पण ओला झालाय हा. तेवढं दिसतंय."

मग मला आत नेलं. काकूंनी मंद आचेवर तवा ठेवला, तुपाचं बोट फिरवलं आणि मला वर ठेवलं. किती दिवसांनी मला ऊब लागली! माझ्या अंगातलं तूप जागं झालं. जायफळ जागं झालं. वास सगळ्या घरात गेला. पत्ते खेळणाऱ्या उल्हासकाकांनी हात थांबवून विचारलं, "कशाचा गं हा वास?"

रत्ना ताटली घेऊन अबोलीपुढे गुडघ्यावर बसली. सगळी बायकामाणसं भोवती जमली होती.

"घे सोन्या. शेल केक. आजीनं केलाय तुझ्यासाठी."

अबोलीनं एक चावा घेतला. चावला, चावला, आणि तोंड वाकडं केलं. "इट्स कोल्ड इनसाइड."

"अजून एक खा. बघ. आजी आठवते का? ओव्हनच्या दाराशी उभी राहायची? तुला भरवायची?"

"नो," अबोली म्हणाली. खरं तेच बोलली बिचारी. उरलेला तुकडा तिनं ताटलीत परत ठेवला. "आय डोन्ट वॉन्ट इट."

मी ताटलीत पडून होते आणि खालून रत्नाचा चेहरा बघत होते. एवढे दिवस जी आशा जपली ती अशी एका शब्दात संपली. मनोहर पुढे आला, पण तिनं त्याला हातानंच थांबवलं. लतिकानं नजर दुसरीकडे वळवली.

आणि मग रत्नानं केलं ते कुठलीही आई करते तेच. पोरीनं टाकलेलं उष्टं वाया जाऊ नये म्हणून तिनं उचलून आपल्या तोंडात टाकलं. काही आठवायला म्हणून नाही. सवयीनं.

माझ्यात आजीची चव पूर्ण उरली होती असं मी म्हणणार नाही. अर्धी फ्रीजरची होती. पण तव्यावर जागं झालेलं ते तूप-जायफळ तिच्या जिभेला लागलं आणि रत्ना चावायची थांबली. तिचे डोळे कुठे दूर गेले.

"भट्टी," ती म्हणाली.

"काय गं?" मनोहरनं विचारलं.

"आमच्या फलटणला बेकरीची भट्टी होती. उन्हाळ्यात बायका आपापला रवा, तूप, साखर घेऊन तिथे बिस्किटं भाजून आणायच्या. आई जायफळ घालायची. मला घेऊन जायची." रत्ना जमिनीवरच बसली. शब्द आता आपोआप येत होते. "सगळ्यांचे बिस्किटांचे पत्रे एकाच भट्टीत जायचे ना, मग कुणाची बिस्किटं कुणाला गेली ते कळायचं नाही. भांडणं व्हायची. म्हणून बायका खूण करायच्या. कुणी बाटलीचं झाकण दाबायची, कुणी चमच्याची दांडी. आणि आई..."

ती थांबली. तिनं स्वतःचं बोट वर धरून त्याच्याकडे बघितलं.

"आई माझं बोट धरायची. हे. करंगळीशेजारचं. आणि प्रत्येक बिस्किटावर माझं बोट दाबायची. म्हणायची, एवढं बारीक बोट सबंध गावात कुणाचं नाही. म्हणजे ही आपलीच. मी विसरलेच होते हे! हसायची ती. पुढचा दात जरासा तिरका होता तिचा, आणि कपाळाला पीठ लागलेलं. चाफ्याच्या फुलांची हिरवी साडी..."

आणि रत्ना रडायला लागली. फोन आला त्या दिवसापासून आत धरलेलं सगळं रडू बाहेर आलं. पण रडताना ती हसत होती, कारण आता तिला खुर्चीची पाठ दिसत नव्हती. पीठ लागलेलं कपाळ दिसत होतं.

माझं काम एवढंच होतं, वाचकहो. मला वाटत होतं मी आजी जपून ठेवलीय, आणि माझ्यातून ती अबोलीला मिळेल. तसं काही नसतं. तुमच्याही फ्रीजरच्या मागच्या कोपऱ्यात माझ्यासारखं कुणी असेल, कुणाच्या तरी हातचं, कुणासाठी तरी राखून ठेवलेलं. त्याला बर्फात कोंडून ठेवू नका. त्यालाही तिथे करमत नाही. चांगलं गरम करा आणि माणसांत बसून खा. आणि खाताना जे सुचेल ते मोठ्यानं बोला. आमच्याकडून एवढंच होतं, पुढचं बोलणं तुमचं.

माझा आता चुरा तेवढा उरलाय ताटलीत. आई रडतेय म्हणून अबोली घाबरून जवळ आली होती. ती रत्नाच्या मांडीवर चढून बसलीय. आईचं ते बोट तिनं हातात घेतलंय, उलटसुलट करून बघतेय. मग तिनं आपलं स्वतःचं बोट बघितलं. ते माझ्या चुऱ्यावर दाबलं. माझे कण तिच्या बोटाला चिकटले. बोट तोंडाकडे नेता नेता ती आईकडे बघून म्हणाली,

"मग?"